बोट जड होती

खाली

पद्मावतीनं पदर कमरेला खोचला, अंगणात पोतं पसरलं आणि पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकली. एका हातात रॉकेलचा बोळा, दुसऱ्या हातात खडू. नाकावर दोन चाकांना जोडणारा आडवा ॲक्सल, नव्या भांड्यासारखा चंदेरी. जुन्या सुरीनं तिनं मधला रंग खरवडला, हिम्मतरावांच्या कारखान्यात जोड दिला होता तिथला. आतलं लोखंड उघडं पडल्यावर त्यावर बोळा दाबून धरला. रॉकेल मुरू दिलं. मग कोरड्या फडक्यानं जागा लख्ख पुसली आणि तिच्यावर खडू घासला, पांढरा थर दाट बसेपर्यंत. हातोडीचे हलके ठोके दिले.

आणि वाट बघत पडून राहिली.

रेल्वेच्या कारखान्यात असंच बघतात, हे तिला मुकुंदरावांनी कधीतरी जेवताना सांगितलं होतं. लोखंडाला चीर असेल तर रॉकेल तिच्यात लपून बसतं. वरून कितीही पुसा. खडू ते बाहेर बोलावतो.

पांढऱ्यावर एक काळपट रेघ आली. आधी केसाएवढी, मग काजळ घातल्यासारखी. जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय करायलीस तिथं?" ओसरीवरून मुकुंदरावांचा आवाज आला.

"मांजरीनं पिल्लं घातलीत का बघते."

"घातली का?"

पद्मावतीनं रेघेकडे पाहिलं.

"हौ," ती म्हणाली. "एक आहे."

फडक्यानं तिनं खडू पुसला, वर काळ्या ग्रीसचा हात फिरवला आणि बाहेर आली. विहिणीकडून आलेला मुरांबा झाकून ठेवावा तशी ती रेघ तिनं मनात झाकून ठेवली. कुणाला वाढायची ते ठरलेलं होतं. कधी, एवढंच राहिलं होतं.

आधी

ट्रेलर बोटीचा होता आणि बोट मुकुंदरावांची होती. लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी जन्मभर डब्यांची सुतारकी केली आणि निवृत्त झाल्यावर तारनाक्याच्या घराच्या अंगणात बोट बांधायला घेतली. सगळी गल्ली हसली. समुद्र कुठं, हैदराबाद कुठं! मुकुंदराव म्हणाले, हुसेनसागर आहे की. तिथल्या एका क्लबच्या कर्नलसाहेबांनी त्यांचं काम अंगणात येऊन पाहिलं होतं, फळ्यांवरून हात फिरवला होता. ही पाण्यात नीट उतरली तर आणखी बोटी तुमच्याकडूनच घेऊ, म्हणाले होते.

बोट पूर्ण झाल्यावर मुकुंदरावांनी तिच्या पोटाभोवती एक पांढरी रेषा ओढली. "चार माणसं बसली की पाणी इथं येणार."

"पाण्याला विचारलंत का, साडूभाऊ?" हिम्मतराव तेव्हा मोठ्यानं हसले होते.

हिम्मतराव म्हणजे पद्मावतीच्या धाकट्या बहिणीचे, मंगलाचे यजमान. आधी बैलबंड्यांचे आस ठोकत. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. आणि देशाची दारं बाहेरच्या कंपन्यांना उघडली तशी त्यांच्या टिनाच्या शेडवरही 'इंजिनीअरिंग वर्क्स' अशी इंग्रजी पाटी चढली. मिलिटरीच्या लिलावात घेतलेला ट्रेलर अंगणाच्या फाटकातून आत येईना, तेव्हा हिम्मतराव आपणहून म्हणाले, "ॲक्सल कापून आखूड करून देतो. साडूकडून पैसे घेईन का मी? थूत!"

फुकटचं काम रंग लावून, ग्रीस भरून, चाकांना हार घालून घरी आलं. पद्मावती तेव्हाच म्हणाली होती, एकदा खडू फिरवून बघायचा का?

मुकुंदराव चपापले. "साडूच्या कामाला खडू लावतात का? मंगलाला कळलं तर काय म्हणेल?"

म्हणून लावला नाही.

क्लबच्या उतारावर, कर्नलसाहेब आणि त्यांची माणसं बघत असताना, ॲक्सल मधोमध मोडला. बोट कुशीवर पडली. तिच्या पोटाच्या फळ्या फुटल्याचा आवाज पद्मावतीला ओळखीचा वाटला. ओला नारळ फोडावा तसा. मोडलेल्या जागी तिनं पाहिलं, मुकुंदरावांनीही पाहिलं. जोड वरवरचा होता. कडेनं सालीएवढं लोखंड वितळून चिकटलं होतं. आतल्या गाभ्यावर करवतीचे ओरखडे जसेच्या तसे. दोन तुकडे एकमेकांना भेटलेच नव्हते.

मुकुंदराव तोंड उघडणार, तेवढ्यात हिम्मतराव कर्नलसाहेबांकडे वळून म्हणाले:

"बोट जड होती, साब. अ‍ॅक्सल बिचारा क्या करता?"

परक्यांसमोर साडूचा अपमान कसा करायचा? मुकुंदराव फुटलेल्या फळ्यांच्या चिपा गोळा करायला लागले. कर्नलसाहेबांनी खांदे उडवले. पुढच्याच मोसमात क्लबात बाहेरगावच्या फायबरच्या बोटी आल्या, पिवळ्याधमक, प्लॅस्टिकच्या बादल्यांसारख्या.

कोण कोण

बोट जड होती. — गिरणीवाला, पीठ देताना.

बोट जड झाली म्हणे. — मंगलाची शेजारीण, हळदीकुंकवाला.

लाकूड ओलं असंल. जड होतं मग. — दूधवाला, ज्यानं बोट कधी पाहिली नाही.

जाऊ दे ना ताई, आमच्या ह्यांनी फुकटात केलं, वरून तुम्हीच फुगून बसलात. बोट जड होती त्याला ते काय करतील? — मंगला, एसटीडी बूथमधून, मीटरकडे बघत घाईघाईनं.

आणि एकदा, दुपारी, कुणी विचारलेलं नसताना, हातात रंधा धरून आणि तो न चालवता:

जड झाली असेल का गं? — मुकुंदराव.

त्या दिवसानंतर त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली. फुटकी बोट अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. ट्रेलर हिम्मतरावांनी परत नेला, पुन्हा फुकटात जोडला, वर एक पट्टी डकवली, चंदेरी रंग मारला आणि आणून लावला. "आता हत्ती बसवा," म्हणाले.

पद्मावतीला पैसे नको होते, माफी नको होती. तिला एकच हवं होतं. तो शब्द जितक्या माणसांसमोर सांडला तितक्याच माणसांसमोर हिम्मतरावांनी तो वाकून उचलावा. ते आपणहून वाकणार नाहीत हे माहीत होतं. म्हणून ती पोतं पसरून ट्रेलरखाली गेली होती. म्हणून ती रेघ कुणाला सांगितली नव्हती.

मागणी

"आक्का, चहा टाका. आधी चहा, मग काम."

हिम्मतराव आले ते असे. पांढरा सफारी, कपाळाला कुंकू, गळ्यात शिट्टी. यंदा कॉलनीच्या गणेश मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि गणपती बसायला वेळ असूनही शिट्टी आत्तापासून गळ्यात होती.

"काय करायलाव साडूभाऊ? बसून बसून कंबर धरंल. ऐका. यंदा लारी नक्को. मागच्या साली बाप्पाचा मुकुट वायरीला लागला न् अख्ख्या गल्लीची लाईट गुल. यंदा बाप्पा खाली पाहिजे, लोकांच्या डोळ्यासमोर. तुमचं ट्रेलर बुटकं हाय. त्याच्यावर एक पाट ठोकून द्या, बस्स."

"ट्रेलर न्या," पद्मावती म्हणाली.

इतक्या पटकन, की मुकुंदरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"बघा! आक्काचं मन मोठं," हिम्मतराव म्हणाले. "आणि विसर्जनाला क्लबचा उतारच मिळवलाय मी. कर्नलसाब चीफ गेस्ट. थंड पेयवाल्यांचा बॅनर मिळालाय, कमान उभी करायलेत ते. मी स्वतः बाप्पाच्या पायाशी उभा राहणार, इथपासून तिथपर्यंत. अध्यक्ष म्हणल्यावर मान असतो."

तोच उतार. तेच कर्नल.

मुकुंदराव बराच वेळ अंगणातल्या ताडपत्रीकडे बघत होते.

"पाट कशाला?" ते म्हणाले. "बोटच ठेवू. मी दुरुस्त करतो. बाप्पा बोटीत बसेल. पाण्यात न्यायला वेगळी नाव नको."

"क्या बात है! बोटीतला बाप्पा! सिकिंदराबादेत कुणी केलं नसंल!" हिम्मतरावांनी मांडीवर थाप मारली आणि मग, बशीतला चहा ओढता ओढता, डोळा बारीक केला. "पण जड नाही ना व्हायची, साडूभाऊ?"

ते हसले. मुकुंदरावही किंचित हसले.

"मूर्ती बसकी घ्या," मुकुंदराव म्हणाले. "उभी नको. धूलपेठेत मूर्तिकारांकडे मी येतो, मीच निवडतो."

न झालेलं

पद्मावतीच्या मनात ॲक्सल रोज मोडत होता.

एकदा मोडला तो विद्यानगरच्या चौकात. हिम्मतराव शिट्टीसकट पालथे, सफारीला शेण, मंगला किंचाळते आहे. हे तिला आवडलं. भाकरी थापता थापता तिनं ते पुन्हा मोडून पाहिलं.

एकदा उतारावर. कर्नलसाहेब उठून उभे. हिम्मतराव चिखलात, गुडघ्यांवर. समोर ॲक्सलचे दोन तुकडे, आत करवतीचे ओरखडे. कुणीतरी विचारतं, कुणी केलं हे काम? हे तर इतकं आवडलं की भाकरी करपली.

पण बोट ताडपत्रीखालून बाहेर आली आणि तिसऱ्यांदा मोडला तेव्हा

तेव्हा तिला बोट दिसली. आधीच्या दोन्ही वेळा ती नव्हतीच. तिथं नुसता पाट होता. आता बोट होती आणि बोट पडत होती, पुन्हा त्याच कुशीवर, आणि तिच्यातून गणपती. सोंड तुटलेली. सगळी कॉलनी तोंडावर हात ठेवते आहे. आणि हिम्मतराव चिखलातून उठतात, सफारी झटकतात, कर्नलसाहेबांकडे वळतात. काय म्हणणार ते? आणखी काय म्हणणार?

दुसऱ्यांदा म्हटलेलं खरंच होऊन बसतं.

तिनं तवा उतरवला. हे तिनंच केलं होतं. ट्रेलर न्या, असं तिनंच म्हटलं होतं.

आवाज

अंगणात रंधा चालायला लागला होता.

तो आवाज घरात किती दिवसांनी आला होता! सकाळी देवपूजेआधी सुरू व्हायचा. मुकुंदराव फुटक्या फळ्या काढत, नव्या बसवत, सांध्यात कापूस भरून राळ ओतत. बोटीच्या तळाला त्यांनी दोन लांब सागवानी पट्ट्या मारल्या, बर्फावरून ओढायच्या गाडीला असाव्यात तशा, आणि त्यांना साबण घासत बसले. जेवायला बोलावलं तर कपाळाला भुसा घेऊन येत आणि मागून भाजी घेत. पांढरी रेषा त्यांनी नव्यानं ओढली. बारीक कुंचल्यानं, श्वास रोखून, जुन्या रेषेवरच. केसभरही वर नाही, खाली नाही.

जिनं हे हात परत मिळावेत म्हणून एवढं सगळं केलं, तिला ते हात बघवत नव्हते. सांगितलं तर रंधा थांबणार. नाही सांगितलं तर...

मिरवणुकीच्या आदल्या दुपारी ती बाहेर आली. बोट ट्रेलरवर चढली होती. चारी बाजूंनी लाल साटिनची झालर, जमिनीपर्यंत लोंबणारी. झालरीखालून मुकुंदरावांचे दोन पाय तेवढे बाहेर आलेले.

"अहो."

"हं."

"एक सांगायचंय. ॲक्सलचं."

ठोकण्याचा आवाज थांबला. पाय हलले नाहीत.

"उद्या सांग," झालरीआडून ते म्हणाले. "आज हात चालायलाय. चालू दे."

"उद्या उशीर होईल."

"नाही होणार. तो रॉकेलचा बोळा कुठं ठेवलास?"

"कशाला?"

"कुंचला धुवायचाय," मुकुंदराव म्हणाले.

तिनं बोळा आणून दिला. झालरीखालून हात आला, बोळा घेऊन आत गेला. ती उभी राहिली. आत पुन्हा ठोकाठोकी सुरू झाली होती, आणि तिच्यामध्ये, फार दिवसांनी, ते काहीतरी गुणगुणत होते.

रस्ता

ती चाकाशेजारून चालली.

पुढं यादगिरीची जीप. यादगिरी हिम्मतरावांचा ड्रायव्हर. गुलालानं त्याच्या मिशा गुलाबी झालेल्या. जीपमागं ट्रेलर, ट्रेलरवर बोट, बोटीत बसका गणपती आणि त्याच्या पायाशी हिम्मतराव उभे. शिट्टी तोंडात. उजवा हात मूर्तीच्या मागं, डावा कमरेवर.

"ताई, तू तिकडून काय चाललीस? इकडं ये की, लेझीममध्ये," मंगला म्हणाली. नवी पैठणी, केसांत गजऱ्यांचा ढीग.

"तू जा. पाय दुखतायत."

"मग गाडीत बस. आमचे हे म्हणतात, आक्काला रुसायची सवय आहे. खरंय बघ."

समोर स्पीडब्रेकर होता. जीपची पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. मग ट्रेलर चढला. तिनं डोळे मिटले. दाणकन आवाज झाला तो ताशाचा. डोळे उघडले तर बोट पुढं गेलेली, गणपतीची सोंड जागेवर.

विद्यानगर गेलं. चौकात खड्डा होता, डावं चाक त्यात बुडलं आणि वर आलं. काही नाही. पुढं पुलाचा चढ, पुलाचा उतार. काही नाही. देवा, सांभाळ, असं ती प्रत्येक खड्ड्याला म्हणत होती आणि खड्डा गेला की तिच्याच मनाच्या तळातून कुणीतरी चिडून विचारत होतं, का मोडत नाही हा मेला? चिरलेलं लोखंड इतकं कसं टिकतं? की तिला रेघ दिसलीच नव्हती? रंगाचा ओघळ असेल? मग हिम्मतराव खरेच होते आणि बोट

"सरका, सरका!" हिम्मतराव वरून ओरडले. "आक्का, चाकाखाली याल! बिनधास्त चाला हो, काही होत नसतं. आपलं वेल्डिंग आहे!"

उतार

हुसेनसागरच्या काठाला कमान होती, बॅनर होता, खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत कर्नलसाहेब. पाण्यात मुकाट्यानं डुलणाऱ्या पिवळ्या बोटी. पाण्याकडे जाणारा मातीचा उतार तोच, फक्त आता गुलालानं माखलेला.

आरती झाली. जीप वळवून ट्रेलर उलटा उताराला लावला, बोटीची मागची बाजू पाण्याकडे. मंडळाची पोरं पाण्यात उतरली. त्यांनी बोट हातांनी उचलून खाली ठेवायची, असं ठरलेलं होतं.

"हिम्मतराव, उतरताय का?" मुकुंदरावांनी विचारलं.

"मी कायकू उतरू? अध्यक्ष शेवटपर्यंत बाप्पासोबत. तुम्ही करा तुमचं."

"बघा हं."

"अहो, करा म्हणतो ना!"

मुकुंदरावांनी बोटीच्या नाकाला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. बोटीला ट्रेलरशी आवळणारे पट्टे एकेक करून सोडले. मग पोरांना म्हणाले, "पाण्यातनं बाहेर या. सगळे. बाजूला व्हा, त्या कमानीपाशी." आणि सगळे बाजूला झाल्यावर ते गुडघ्यांवर बसले, लाल झालर वर केली आणि आत हात घातला. गाठी सोडल्यासारखा खांदा हलला. एक, मग दुसरी.

हात बाहेर आला तेव्हा त्यात एक जाड सागवानी फळी होती, ॲक्सलच्याच लांबीची. मोडलेल्या हाताला वैद्य कामट्या बांधतो तशी ती इतका वेळ ॲक्सलला खालून बांधलेली होती. मुकुंदरावांनी ती छत्रीसारखी काखेत मारली.

ते पद्मावतीशेजारी येऊन उभे राहिले. तिनं फळीकडे पाहिलं. फळीच्या मधोमध खडूचा पांढरा ठसा उठला होता आणि त्याच्यावर, काजळ घातल्यासारखी, एक रेघ.

"पिल्लू मी पण बघितलं होतं," मुकुंदराव हळूच म्हणाले. "तू सांगायला आलीस त्याच्या आधीच."

मग त्यांनी हात वर केला. "यादगिरी, घ्या मागं. सावकाश."

जीप मागं सरकली. एक वीत. आणखी एक वीत. मग तो आवाज झाला, कोरडा, एकच.

दोन्ही चाकं दोन्हीकडे फाकली, जसं वासरू पाय फाकून बसतं. ट्रेलरची मागची कड मातीत टेकली. आणि बोट, जिला आता काहीच धरून नव्हतं, साबण लावलेल्या पट्ट्यांवरून सुळकन मागं निघाली, अजिबात न कलता, उतारावरून खाली, पाण्यात. फेसाची एक झालर दोन्ही बाजूंनी उठली आणि बसली. गणपतीच्या हातातला मोदकसुद्धा हलला नाही. हिम्मतराव मात्र खाली बसले होते, बाप्पाचा पाय दोन्ही हातांनी कवटाळून. शिट्टी तोंडातच होती आणि त्यांच्या श्वासासरशी बारीक वाजत होती.

ताशे थांबले.

"अगं बाई," मंगला म्हणाली. एवढंच.

मुकुंदराव बोटीकडे बघत होते. गणपतीकडे नाही, हिम्मतरावांकडे नाही. बोट डुलली, स्थिरावली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. कर्नलसाहेब खुर्चीतून उठले, काठाशी आले आणि वाकून त्यांनीही तिथंच पाहिलं.

पाणी पांढऱ्या रेषेला लागलं होतं. रेषेवर नाही, रेषेखाली नाही.

"कितना लोड है, मुकुंदराव?"

"चार आदमी का, साब. बाप्पा आणि हिम्मतराव धरून."

कर्नलसाहेब वळले. उतारावर ॲक्सलचा एक तुकडा उताणा पडला होता, मोडलेलं तोंड माणसांकडे करून. त्यांनी तो बुटानं किंचित वळवला. आत करवतीचे ओरखडे होते. गिरणीवाला पुढं आला, दूधवाला पुढं आला. कुणीतरी खाली बसून बोटानं चाचपून पाहिलं आणि शेजाऱ्याला दाखवलं.

"साडूभाऊ!" पाण्यातून आवाज आला. "दोर ओढा! मला पोहता येत नाही!"

मुकुंदराव दोर गोळा करायला लागले. पद्मावतीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते थांबले. तिनं दोर उलगडून घेतला, आपल्या हातात धरला आणि काठापर्यंत गेली. पैठण्या, लेझीम, गुलालानं माखलेले चेहरे, सगळे दोन्ही बाजूंना सरकले.

"हिम्मतराव," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. गरजच नव्हती. "बोट कशी वाटते?"

"काय?"

"जड वाटते का?"

कुणीतरी फसकन हसलं. मंगलानं मागं वळून पाहिलं आणि मग ती स्वतःच ओरडली, "अहो, सांगा की ती काय विचारते ते!"

"हलकी आहे, आक्का!" हिम्मतराव घाईनं म्हणाले. "फुलावाणी आहे! साडूभाऊंचं काम, मग काय! सगळ्यांना सांगतो मी! ओढा आता!"

सगळ्यांनी ऐकलं. कर्नलसाहेबांनी ऐकलं. पद्मावतीनं मान हलवली.

"आणि ॲक्सल?"

हिम्मतरावांनी उताराकडे पाहिलं. लोखंडाचा तुकडा, त्याच्याभोवती वाकलेली माणसं, कमान, बॅनर. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली. ओठ हलले. मग ते गणपतीकडे बघायला लागले, जणू तोच काही सांगेल.



पद्मावतीनं दोर आणखी एक हात सैल सोडला.